विल्मा रुडॉल्फ

अमेरिकेतील टेनेसी राज्यात २३ जून १९४० रोजी एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात विल्मा रुडॉल्फचा जन्म झाला. बावीस भावंडांत ती विसावी. बालपणीच पोलिओने तिचा डावा पाय दुर्बल झाला. क्लार्क्सव्हिल गावी कृष्णवर्णीयांना पुरेसे उपचार मिळत नसत; म्हणून आई तिला बसने दूरच्या नॅशव्हिल शहरी नेई. घरी आई व भावंडे आळीपाळीने तिचा पाय चोळीत. पायाला धातूचा आधार बांधून ती कशीबशी चाले. मात्र बारा वर्षांची होईतो तिने तो आधार कायमचा दूर केला.

शाळेत बास्केटबॉल खेळताना एड टेंपल या मार्गदर्शकांनी तिची चपळाई हेरली. त्यांच्या शिबिरात ती नेटाने सराव करू लागली. पुढे फिलाडेल्फियाच्या स्पर्धेत तिने आपल्या नऊही शर्यती जिंकल्या. १९५६ साली, अवघ्या सोळाव्या वर्षी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रिले शर्यतीत तिच्या संघाला कांस्यपदक मिळाले.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तिने १०० मीटर व २०० मीटर या शर्यती जिंकल्या. रिलेत बॅटन घेताना ती क्षणभर मागे पडली. तरीही शेवटी तिनेच आघाडी घेतली. एकाच ऑलिंपिकमध्ये धावण्याची तीन सुवर्णपदके मिळविणारी ती पहिली अमेरिकन महिला ठरली.

गावाने तिचा सत्कार योजिला. तेथे गोऱ्या व काळ्या लोकांना वेगळे बसविणार असतील, तर आपण येणार नाही, असे तिने निक्षून कळविले. अखेर त्या दिवशी सारे गाव प्रथमच एकत्र बसले. १९९४ साली विल्मा निवर्तली. परंतु रोमच्या विजयाइतकाच हा विजयही थोर होता.