सागरातील रेडियम मोजणाऱ्या एलिझाबेथ रोना

एक लिटर समुद्राच्या पाण्यात रेडियम किती असते? एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातील एका भागाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके! हे अत्यल्प प्रमाण मोजणाऱ्या पहिल्या पिढीतील संशोधकांत डॉ. एलिझाबेथ रोना यांचे नाव आदराने घेतले जाते.

त्यांचा जन्म २० मार्च १८९० रोजी बुडापेस्ट येथे झाला. वडील त्वचारोगतज्ज्ञ होते. रोना यांनी मात्र रसायनशास्त्र निवडले आणि १९१२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे त्यांनी जॉर्ज हेवेशी आणि बर्लिनमध्ये ऑटो हान यांच्यासमवेत काम केले. १९२४ मध्ये त्या व्हिएन्नाच्या रेडियम संस्थेत दाखल झाल्या. पोलोनियम वेगळे करण्याचे कसब त्यांनी पॅरिसला क्यूरी यांच्या प्रयोगशाळेत आत्मसात केले.

स्वीडिश सागरशास्त्रज्ञ हान्स पेटरसन यांना समुद्रतळाच्या गाळातील रेडियम मोजायचे होते. परंतु व्हिएन्नाची प्रयोगशाळा वर्षानुवर्षांच्या वापराने स्वतःच किरणोत्सारी झाली होती. तेथे सूक्ष्म मोजमापावर विश्वास कसा ठेवणार? म्हणून रोना नमुने घेऊन स्वीडनच्या किनाऱ्यावरील बोर्नो येथील सागरी संशोधन केंद्रात गेल्या. त्यानंतर सुमारे बारा वर्षे त्यांचे उन्हाळे तेथेच गेले. बेर्टा कार्लिक याही या कामात सहभागी होत्या. १९३३ मध्ये दोघींना ऑस्ट्रियन विज्ञान अकादमीचा हायटिंगर पुरस्कार विभागून मिळाला.

या मोजमापांतून एक कोडे पुढे आले. पाण्यात रेडियम इतके कमी असताना खोल समुद्रातील गाळात ते इतके अधिक का? युरेनियम पाण्यात विरघळलेले राहते. त्याच्या ऱ्हासातून निर्माण होणारे आयोनियम, म्हणजे थोरियमचे एक समस्थानिक, कणांना चिकटून तळाशी जाते आणि तेथे त्यापासून रेडियम तयार होते. आयोनियमचे अर्धायुष्य सुमारे ७५ हजार वर्षे आहे. त्यामुळे गाळाचे वय ठरविण्याचे साधनच शास्त्रज्ञांच्या हाती आले.

किरणोत्सर्गाचा धोका फारसा मानला जात नव्हता, त्या काळात रोना यांनी स्वखर्चाने संरक्षक मुखवटे विकत घेतले. त्यांचे अनेक समकालीन किरणोत्सर्गाला बळी पडले. त्या मात्र दीर्घायुषी ठरल्या.

ज्यू कुटुंबातील रोना यांना १९३८ मध्ये नाझी राजवटीमुळे व्हिएन्ना सोडावे लागले. १९४१ मध्ये त्या अमेरिकेत पोहोचल्या. महायुद्धकाळात पोलोनियम मिळविण्याची आपली पद्धत त्यांनी अमेरिकी सरकारला विनामोबदला दिली. पुढे ओक रिज येथे आणि १९६५ पासून मायामी विद्यापीठात त्यांनी सागरी गाळ व पाण्यावरील संशोधन चालू ठेवले. २७ जुलै १९८१ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. समुद्राच्या पाण्यातील थोरियम व रेडियम आजही जगभर मोजले जाते. अशा कामात आधी प्रयोगशाळा स्वच्छ हवी, हा रोना यांनी कटाक्षाने पाळलेला नियम आजही तितकाच लागू आहे.