अनेकांशी एकटा: मोरिहेई उएशिबा यांचे जीवन



एकावर एक आला तर काय करावे हे कराटेचे वर्ग शिकवितात, पण तिघे-चौघे मिळून आले तर काय, असा प्रश्न पालक सभेत आम्हाला नेहमी विचारला जातो. विचारणारे बहुधा मुलींचे पालक असतात आणि त्यांची काळजी खरी असते. या प्रश्नावर ज्यांनी आपले उभे आयुष्य खर्च केले, अशा एका जपानी गुरूंचे चरित्र या अंकात देत आहोत. त्यांचे नाव मोरिहेई उएशिबा. आयकिडो या विद्येचे ते जनक.

त्यांचा जन्म १४ डिसेंबर १८८३ रोजी जपानच्या वाकायामा प्रांतात, समुद्रकाठच्या तानाबे गावी झाला. वडील योरोकु हे चांगले जमीनदार शेतकरी आणि गावच्या कारभारात वजन असलेले गृहस्थ होते. मुलींच्या पाठीवर झालेला हा एकुलता एक मुलगा, पण प्रकृतीने अगदी नाजूक. धर्मग्रंथ आणि गणितात रमणारा, खेळात मागे. वडिलांनी त्याला पोहायला आणि सुमो कुस्ती खेळायला लावले, पराक्रमी पणजोबांच्या गोष्टी सांगितल्या. राजकारणातल्या विरोधकांची माणसे एकदा वडिलांच्या अंगावर चालून आली आणि लहान मोरिहेईने ते डोळ्यांनी पाहिले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. अंगात बळ यावे ही ओढ तेव्हापासूनची. म्हणजे ज्या प्रश्नाने पुढे आयुष्य व्यापले, तो त्यांना घरातच भेटला होता.

तरुणपणी त्यांनी बरेच उद्योग केले. हिशेबात हुशार म्हणून कर कचेरीत नोकरी लागली, ती सोडली. टोकियोला जाऊन कागद, वह्या, लेखण्या असे सामान विकण्याचे दुकान काढले, पण बेरीबेरीच्या आजाराने घरी परतावे लागले. मग सैन्यात जायचे ठरविले तर उंची आड आली. ते जेमतेम पाच फूट दोन इंच. उंची वाढावी म्हणून पायांना वजने बांधून झाडाला लोंबकळत असत. अखेर १९०३ साली भरती झाले आणि रशिया-जपान युद्धात होते. संगीन चालविण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. आमच्या शाळेत उंचीवरून चिडविले जाणारे जे विद्यार्थी आहेत, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा!

१९१२ साली ते गावाकडच्या काही कुटुंबांना घेऊन उत्तरेच्या होक्काइडो बेटावर शिराताकी येथे वस्ती करायला गेले. तिथे जंगल तोडून जमीन तयार करायची होती. थंडी भयंकर आणि पहिली वर्षे पीक नाही. १९१७ साली आगीत सारी वस्ती जळाली, ती पुन्हा उभी केली. याच बेटावर १९१५ मध्ये त्यांना त्यांचे गुरू भेटले. सोकाकु ताकेदा हे उएशिबांहूनही ठेंगणे, स्वभावाने जहाल आणि संशयी. दाइतो-र्यू नावाची जुनी सामुराई विद्या ते शिकवीत. मनगट, कोपर आणि खांदा यांच्या सांध्यांवर ताबा मिळवून समोरच्याचा तोल घालविण्याची ही विद्या.

ताकेदांची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. तरुणपणी फुकुशिमा भागात बांधकामावरच्या मजुरांच्या मोठ्या जमावाशी त्यांची एकट्याची झुंज झाली, असे सांगतात. हातात तलवार होती, विद्या अंगात मुरलेली होती, तरी ते तिथून गंभीर जखमी होऊन मरता मरता वाचले. एवढा कसलेला माणूस, त्याची ही गत. सिनेमात नायक वीस जणांना लोळवितो आणि त्याच्या केसाचा भांगही मोडत नाही, तो प्रकार आणि ही गोष्ट शेजारी ठेवून पाहावी.

ताकेदांची दक्षिणा जबर असे. उएशिबांनी पैसे दिलेच, शिवाय गुरूंसाठी लाकडे फोडली, स्वयंपाक केला, अंग चेपले. १९१९ च्या अखेरीस वडील अत्यवस्थ असल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी शिराताकीतले आपले घर गुरूंच्या स्वाधीन केले आणि गावाकडे निघाले. वाटेत आयाबे येथे ओमोतो पंथाचे प्रमुख ओनिसाबुरो देगुची यांना भेटायला, वडिलांसाठी प्रार्थना करवून घ्यायला ते थांबले. घरी पोहोचले तेव्हा वडील गेलेले होते. त्याच वर्षी, १९२० मध्ये, त्यांची दोन्ही मुले आजारपणात गेली. एक तीन वर्षांचा, एक तान्हा. ते आयाबेलाच राहायला गेले होते, शेती करीत होते, छोटी शिकवणी चालवीत होते. ज्याच्या अंगावर हात टाकण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, त्या माणसाला घरात आलेले मरण अडविता आले नाही. त्यांची पुढची सारी वाटचाल आम्हाला या वर्षाशिवाय समजत नाही. तिसरा मुलगा किश्शोमारू १९२१ साली जन्मला आणि त्यानेच पुढे वडिलांचे काम सांभाळले.

१९२४ साली देगुचींबरोबर ते मंगोलियाला गेले. तिथे धर्मराज्य स्थापन करण्याचा देगुचींचा बेत होता. आम्हाला विचाराल तर तो निव्वळ अविचार होता. एका चिनी सरदाराच्या फौजेबरोबर ते निघाले, वाटेत गोळीबार झाले, शेवटी पकडले गेले आणि पायात बेड्या घालून त्यांना देहदंडासाठी उभे करण्यापर्यंत वेळ आली. जपानी वकिलातीच्या मध्यस्थीने जीव वाचला. या प्रवासात गोळी येण्याआधी तिचा प्रकाश दिसे आणि आपण बाजूला होत असू, असे उएशिबा पुढे सांगत. ही गोष्ट आम्ही श्रद्धेच्या खात्यात ठेवतो, व्यायामाच्या नाही.

त्यापुढची १९२५ ची घटना मात्र आमच्या विषयाची आहे. एक नौदल अधिकारी, तलवारबाजीत तरबेज, लाकडी तलवार घेऊन त्यांच्याशी सामना करायला उभा राहिला. उएशिबा रिकाम्या हाताने उभे राहिले. त्यांनी एकही प्रहार केला नाही. प्रत्येक वार येण्याआधी ते वाराच्या रेषेतून सरकत गेले आणि शेवटी तो अधिकारी दमून खाली बसला. त्यानंतर बागेत विहिरीपाशी त्यांना एक साक्षात्कार झाला असे ते सांगत. साऱ्या विद्येचे मूळ प्राणिमात्रावरचे प्रेम आहे, हा त्याचा आशय.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अनेकांशी एकट्याने उभे राहण्याचा अभ्यास या विद्येत कसा होतो? आधी बरेच दिवस फक्त पडणे शिकवितात. पुढे, मागे, बाजूला, जमिनीवर गोल लोळून परत उभे राहणे. मग एकाशी. मग दोघांनी दोन हात धरले तर. मग तिघे, चौघे, पाच जण मोकळे सोडतात. यात पहिला नियम असा की मध्यभागी उभे राहायचे नाही, कारण वेढा मध्यभागीच पडतो. दुसरा असा की वाट पाहायची नाही. कडेला असलेल्या एकाकडे स्वतः पुढे जायचे, त्याच्या बाजूला शिरून वळायचे, म्हणजे तोच आपल्या आणि इतरांच्या मध्ये येतो. चौघे असले तरी क्षणभर समोर एकच उरतो आणि बाकीचे त्याच्या मागे रांगेत अडखळतात. त्याचा तोल गेला की त्याला ताबडतोब सोडून द्यायचे. एकाला पकडून बसलात, त्याच्याशी झोंबत राहिलात, तर दुसऱ्याने पाठीवरून धरलेच. नजर कोणा एकावर खिळवायची नाही आणि श्वास कोंडू द्यायचा नाही.

आपल्याकडे दांडपट्टा किंवा बनेठी फिरविणारा चारी दिशा राखतो हे इंदूरकरांना अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतले अखाडे पाहून ठाऊक आहे. तिथे शस्त्राचा घेर कोणाला जवळ येऊ देत नाही. उएशिबांनी तोच घेर पायांनी केला. त्यांच्या हालचालींचे मूळ तलवार आणि काठीच्या अभ्यासातच होते. १९३५ साली ओसाकात असाही वृत्तपत्राने त्यांचे चित्रीकरण केले. पन्नाशी ओलांडलेला हा बुटका गृहस्थ चहूकडून येणाऱ्या शिष्यांमधून पाण्यासारखा निघून जातो, ते त्यात आजही पाहता येते.

पण हे स्पष्ट सांगितले पाहिजे की त्या चित्रपटातले हल्लेखोर शिष्य आहेत. त्यांना पडायचे कसे हे शिकविलेले आहे आणि गुरूंना इजा करायची नाही हेही त्यांना ठाऊक आहे. रस्त्यावरचा गुंड हे शिकून येत नाही. अर्धवट शिकलेले मूल निघून जाण्याऐवजी उभे राहील, हीच आमची आणि व्यवस्थापन मंडळातल्या काही सदस्यांची भीती आहे. म्हणून शाळेत असा वर्ग सुरू झाला तर त्याचा पहिला महिना पडणे, सरकणे, मोठ्याने ओरडणे आणि मोकळ्या वाटेकडे पळणे यांचाच असावा असे आमचे मत आहे. उएशिबांच्या नियमांतही वेढ्यातून बाहेर पडण्याचीच सोय आधी आहे.

१९२७ मध्ये ते टोकियोला आले. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १९३० साली त्यांचे प्रात्यक्षिक पाहिले आणि इतके प्रभावित झाले की आपले काही निवडक शिष्य त्यांच्याकडे शिकायला पाठविले. एका पंथाच्या आचार्याने दुसऱ्याकडे आपली मुले पाठविणे ही साधी गोष्ट नव्हे, आपल्याकडच्या उस्तादांना विचारा. १९३१ साली कोबुकान हा त्यांचा स्वतःचा डोजो, म्हणजे अभ्यासगृह, उघडला. तिथला अभ्यास इतका कडक की लोक त्याला नरकाचा डोजो म्हणत. त्या नरकात ताकाको कुनिगोशी नावाची चित्रकलेची विद्यार्थिनीही पुरुषांच्या बरोबरीने शिकत होती. उएशिबांच्या १९३३ च्या पुस्तकातली चित्रे तिचीच.

याच काळाबद्दल एक गोष्ट त्यांचे भक्त पटकन ओलांडून जातात. प्रेमाची विद्या सांगणारे उएशिबा या वर्षांत सेनेच्या आणि नौदलाच्या शाळांत शिकवीत होते, आणि मोठमोठे लष्करी अधिकारी त्यांचे शिष्य होते. जपानी सैन्याने चीनमध्ये काय केले ते इतिहासाच्या पुस्तकात आहे. त्यांचे तरुण शिष्य एकेक करून युद्धावर गेले आणि काही परतले नाहीत. १९४२ साली त्यांनी ही सारी पदे सोडली आणि इबाराकी प्रांतातल्या इवामा गावी जाऊन शेती करू लागले. त्याच वर्षी आयकिडो हे नाव रूढ झाले. प्रकृतीचे कारण होते, मनाचेही असावे. दोहोंचे प्रमाण काय, ते ठरविण्याचा अधिकार आम्हाला नाही.

युद्धानंतर जिंकणाऱ्यांनी जपानमध्ये युद्धविद्यांवर बंदी घातली. टोकियोचा डोजो बॉम्बवर्षावातून किश्शोमारूंनी मोठ्या कष्टाने वाचविला होता, तिथे बेघर झालेली कुटुंबे राहत होती. इवामात म्हातारे गुरुजी शेतात काम करीत, मोजक्या शिष्यांना तलवार आणि काठी शिकवीत. १९४८ मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि हळूहळू परदेशी विद्यार्थी येऊ लागले. १९६१ साली ते हवाईला जाऊन आले.

१५ जानेवारी १९६९ रोजी नववर्षाच्या समारंभात त्यांनी शेवटचे प्रात्यक्षिक दिले. तेव्हा वय पंच्याऐंशी होते आणि यकृताचा कर्करोग शरीरात होता. २६ एप्रिल १९६९ रोजी ते गेले. पत्नी हात्सु, ज्यांनी होक्काइडोची थंडी, आयाबेतले दोन मृत्यू आणि इवामाची शेती त्यांच्याबरोबर काढली, त्याही सुमारे दोन महिन्यांनी गेल्या. इवामात उएशिबांनी बांधलेले छोटे आयकी मंदिर आहे. दर वर्षी २९ एप्रिलला तिथे देशोदेशीचे विद्यार्थी जमतात.