नीलकंठशास्त्र्यांचा ताळेबंद

वादात पाद्र्यांना नामोहरम करायला निघालेला काशीचा एक चित्पावन शास्त्री अखेर स्वतःच पाद्री झाला. नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ मधला, झाशीजवळचा. १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन ते नहेम्या झाले. आप्त दुरावले. पत्नी मागोमाग आली, पण तान्ही लक्ष्मी मागे ठेवून निवर्तली; पोर परक्या इंग्रज घरात वाढली. या खर्चाची नोंद कोणत्या वहीत करायची?

षड्दर्शनांचे खंडन करणारा त्यांचा हिंदी ग्रंथ १८६२ मध्ये इंग्रजीत गेला. १८७० मध्ये ते अँग्लिकन धर्मगुरू झाले. पुढे पुण्याच्या पंच हौद मिशनात राहिले. तिथले होली नेम चर्च आज कॅथेड्रल आहे. पंडिता रमाबाईंच्या १८८३ च्या बाप्तिस्म्यामागे त्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. नवल असे, की दुसऱ्यांच्या शंका फेडणाऱ्या या माणसाला स्वतःच्या शंकांनी जन्मभर छळले. न्यायशास्त्राने लावलेली ती खोड बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली गेली नाही.

१८९५ मध्ये मुंबईत ते वारले. त्यांचा निर्णय कुणाला पटो वा न पटो. शंका झाकून श्रद्धेचा डौल त्यांनी मिरवला नाही, एवढे तरी त्यांच्या जमेस धरावेच लागेल.