विल्बर राइट : सायकलची चेन विमानाला लावणारा दुकानदार

सायकलची चेन तुटली आणि नेमक्या मापाची कडी मिळाली नाही तर आपण काय करतो? जुन्या चेनची एखादी कडी काढतो, ठोकून बसवतो आणि कसंबसं घर गाठतो. अमेरिकेतल्या डेटन गावचा एक सायकल दुकानदारही अशा जुळवाजुळवीत तरबेज होता. फक्त त्याने ही चेन थेट विमानाला लावली. आज त्याची, म्हणजे विल्बर राइटची गोष्ट पाहूया.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ चा. वडील बिशप, सतत फिरतीवर. हत्यारं हाताळायची सवय मुलांना लागली ती आईकडून. विल्बर अभ्यासात हुशार होता, त्याला येल विद्यापीठात पाठवायचं घरात चाललं होतं. पण अठराव्या वर्षी बर्फावर खेळताना तोंडावर काठी बसली आणि पुढचे दात गेले. तो खचला. पुढची काही वर्षं घरातच गेली, क्षयाने आजारी असलेल्या आईची सेवा करण्यात आणि पुस्तकं वाचण्यात. १८८९ मध्ये आई गेली. कॉलेज राहिलं ते राहिलंच.

धाकट्या ऑर्व्हिलसोबत त्याने छपाईचा धंदा सुरू केला. दोघांनी छपाईयंत्र घरीच बनवलं, त्यात थडग्याचा टाकून दिलेला दगड आणि जुन्या घोडागाडीचे भाग होते! १८९२ मध्ये दोघांनी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि १८९६ पासून स्वतःच्या सायकली बनवायला लागले. त्याच वर्षी जर्मनीचा ग्लायडरवीर ओटो लिलिएंथाल कोसळून मेला. ती बातमी विल्बरच्या डोक्यातून गेलीच नाही.

सायकल चालवताना आपण सतत तोल सावरत असतो. विमानालाही तेच लागणार, हे विल्बरला कळलं होतं. दुकानात ट्यूबचा रिकामा खोका हातात पिळताना त्याला सुचलं, की पंख असेच पिळले तर विमान डावी-उजवीकडे सावरता येईल. १९०१ चा ग्लायडर मात्र अपेक्षेइतका उचललाच गेला नाही. मग दोघांनी लाकडी खोक्यात पंख्याने वारा सोडून सुमारे २०० छोटे पंख तपासले. मोजमापाचा काटा बनवला होता करवतीची पाती आणि सायकलच्या स्पोकची तार वापरून.

चेन नेमकी कुठे आली?

१९०३ च्या विमानात इंजिन एक आणि पंखे दोन. त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलर याने १२ हॉर्सपॉवरचं इंजिन सहा आठवड्यांत बनवलं. त्याची ताकद पंख्यांपर्यंत न्यायला जाडजूड चेन वापरल्या. इंजिनकडे ८ दात्यांचं चाक, पंख्याकडे २३ दात्यांचं, म्हणजे पंखा इंजिनाच्या साधारण एक-तृतीयांश वेगाने फिरणार. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरले तर विमान एका बाजूला ओढलं जाईल, म्हणून एक चेन सरळ ठेवली आणि दुसरी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पिळून लावली. चेन फडफडू नये म्हणून ती नळ्यांमधून नेली.

नोव्हेंबरात किटी हॉकच्या वाळूत इंजिन सुरू केलं, तर धक्क्यांनी पंख्यांचे दांडे खराब झाले. ते डेटनला पाठवून दुरुस्त करून आणले, तरी दातेरी चाकं सैल व्हायचीच. कितीही आवळा, पुन्हा ढिली! शेवटी दोघांनी रिमला टायर चिकटवायचं सिमेंट गरम करून आट्यांमध्ये ओतलं. चाकं घट्ट बसली. एकदम सायकलवाल्याचा जुगाड.

पण २८ नोव्हेंबरला पोकळ दांड्याला तडा दिसला. हिवाळा तोंडावर, आणि तिकडे सरकारी पैशावर प्रोफेसर लँग्ली उड्डाणाच्या तयारीत. घाई करायला कारण भरपूर होतं. तरीही इथे सिमेंट चाललं नसतं, हे दोघांना माहीत होतं. सैल चाक चिकटवता येतं, तडा गेलेलं धातू नाही. ऑर्व्हिल परत डेटनला गेला आणि भरीव पोलादाचे नवे दांडे घेऊन ११ डिसेंबरला आला. तोवर लँग्लीचं यंत्र नदीत पडलं होतं.

१४ डिसेंबरला नाणेफेक जिंकून विल्बर बसला, पण साडेतीन सेकंदांत खाली आला. दुरुस्ती झाली. १७ तारखेला ऑर्व्हिल १२ सेकंद उडाला आणि त्या दिवसाच्या चौथ्या फेरीत विल्बर ५९ सेकंद, सुमारे २६० मीटर. दोन्ही चेन टिकल्या.

१९०८ मध्ये विल्बरने फ्रान्समध्ये उडून सगळ्या शंका मिटवल्या. त्याच सप्टेंबरात अमेरिकेत ऑर्व्हिलच्या विमानाचं पंख्याचं पातं फुटलं आणि सोबतचा लेफ्टनंट सेल्फ्रिज दगावला. एका भागाची किंमत काय असते ते असं दिसलं. पुढची वर्षं विल्बरची पेटंटच्या खटल्यांत गेली. ३० मे १९१२ रोजी, अवघ्या ४५ व्या वर्षी, तो टायफॉइडने गेला.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी चेनवर जुगाड कराल तेव्हा आधी नीट बघा : भाग सैल आहे, की त्याला तडा गेलाय? सैल असेल तर बिनधास्त जुळवा. तडा असेल तर नवा भाग आणा, भले घरी चालत जावं लागलं तरी.