प्रूडेन्स क्रँडल बाई व तिचा पिता

अमेरिकेतील न्यू इंग्लंड प्रांत आमच्या पुष्कळ वाचकांस नावाने तरी ठाऊक आहे. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी इ. स. १८१३ साली मुंबईस उतरले, ते बोर्ड त्याच प्रांतातील ख्रिस्ती लोकांनी स्थापिले होते. त्याच प्रांतात, कनेटिकट संस्थानात, वीस वर्षांनंतर एका शिक्षिकेचा मोठा छळ झाला, आणि छळणारे लोकही स्वतःस ख्रिस्तीच म्हणवीत होते. त्या छळात तिचा पिता तिच्या पाठीशी कसा उभा राहिला, हे आज सांगावयाचे आहे.

प्रूडेन्स क्रँडल हिचा जन्म ३ सप्टेंबर १८०३ रोजी ऱ्होड आयलंड संस्थानात झाला. पित्याचे नाव पार्डन व मातेचे एस्तेर. ही दोघे क्वेकर पंथाची होती. माणसाने माणसास दास करून ठेवणे हे देवाच्या दृष्टीने पाप आहे, अशी त्या पंथाची शिकवण असे. पुढे हे कुटुंब कनेटिकटमध्ये येऊन शेती करू लागले. प्रूडेन्स शिकून शिक्षिका झाली, आणि १८३१ साली कँटरबरी गावच्या प्रतिष्ठित गृहस्थांनी आपण होऊन तिला मुलींची शाळा काढण्यास बोलाविले. शाळा उत्तम चालली व सर्व गाव तिची वाहवा करू लागला.

१८३२ साली सारा हॅरिस नावाची एक कृष्णवर्णीय तरुणी बाईकडे आली. आणखी थोडे शिकून आपल्या लोकांच्या मुलांस शिकवावे, अशी तिची इच्छा होती. बाईने विचार केला. शास्त्र उघडिले तेव्हा उपदेशक ग्रंथातील जे वचन जुलूम सोसणाऱ्यांच्या आसवांविषयी बोलते, त्यावर तिची दृष्टी पडली, आणि तिने साराला शाळेत घेतले. त्याबरोबर गावाची मर्जी फिरली. तिला काढून टाका, नाही तर आमच्या मुली काढून नेतो, असे पालकांनी कळविले. बाईने साराला काढिले नाही. उलट १८३३ च्या एप्रिल महिन्यात तिने कृष्णवर्णीय मुलींसाठीच शाळा उघडिली. धाकटी बहीण अल्मायरा हीही तिला शिकविण्याच्या कामी साहाय्य करू लागली.

मग गावाने बहिष्कार घातला. दुकानदार माल देईनात, वैद्य येईना. उपासनामंदिराचे दारही त्या मुलींस बंद झाले. शेवटी कोणी शाळेच्या विहिरीत शेण व घाण टाकून पाणी नासविले. विहिरीचे पाणी बंद होणे म्हणजे काय, हे आमच्या खेड्यांतील बंधुभगिनींस समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या वेळी सुमारे दोन मैलांवर असलेल्या पित्याच्या शेतावरून शाळेस पाणी येऊ लागले. अन्नसामग्रीही तो पिता व थोडे मित्र मिळून पोहोचवीत. ह्यात त्याला धोका नव्हता असे नाही. मे महिन्यात संस्थानाच्या कायदेमंडळाने बाहेरून आलेल्या कृष्णवर्णीयांस गावाच्या परवानगीवाचून शिकविणे, ठेवून घेणे किंवा ह्या कामी साहाय्य करणे हा गुन्हा ठरविला. पहिल्या गुन्ह्यास शंभर डॉलर, दुसऱ्यास दोनशे, आणि पुढे दरवेळी दुप्पट दंड. लेकीच्या भेटीस गेलात तर हा दंड तुमच्यावरही बसेल, अशी धमकी गावच्या पुढाऱ्यांनी त्या म्हाताऱ्या आईबापांस दिली. शेतकऱ्याच्या घरी शंभर डॉलर म्हणजे लहान रक्कम नव्हे. तरी त्यांनी आपल्या लेकीस टाकिले नाही.

२७ जून १८३३ रोजी बाईस पकडण्यात आले. जामीन देणे मित्रांस कठीण नव्हते; परंतु हा कायदा किती अन्यायाचा आहे हे सर्व लोकांस दिसावे, म्हणून ती एक रात्र तुरुंगात राहिली. पहिल्या खटल्यात पंचांचे एकमत झाले नाही. दुसऱ्यात ती दोषी ठरली. १८३४ च्या जुलैत वरिष्ठ न्यायालयाने आरोपपत्रातील एका उणिवेवरून तो निकाल रद्द केला. न्यायालयात जे साधले नाही, ते शत्रूंनी काठ्यांनी साधले. ९ सप्टेंबर १८३४ च्या रात्री जमावाने घरावर हल्ला करून खिडक्यांचा चुराडा केला. मुलींच्या जिवास अपाय होईल ह्या भीतीने शाळा बंद करावी लागली.

तर मग श्रम व्यर्थ गेले काय? नाही. तो कायदा १८३८ साली रद्द झाला. १८८६ साली त्याच संस्थानाने बाईस वर्षाला चारशे डॉलरांचे निवृत्तिवेतन दिले, आणि त्यासाठी अर्ज करणाऱ्यांत कँटरबरीचे रहिवासीही होते. जानेवारी १८९० मध्ये कॅन्सस संस्थानात ती प्रभूमध्ये निजली. १९९५ साली कनेटिकटने तिला आपली वीरांगना म्हणून गौरविले.

आपल्या देशातही असा प्रसंग आला. जोतीराव फुले यांनी अहमदनगर येथील मिशनच्या मुलींच्या शाळा पाहून १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढिली, तेव्हा लोकांच्या दडपणाखाली त्यांचे वडील गोविंदराव यांनी पुत्रास व सुनेस घराबाहेर पडावयास सांगितले. त्या पित्यास आपण दोष देऊ नये. गावाचा बहिष्कार ज्याने सोसला आहे, त्याला त्याची भीती समजते. परंतु त्या दिवशी पुत्रास घरातून आधार मिळाला असता, तर त्याचे ओझे किती हलके झाले असते!

प्रिय आईबापहो, आपले लेकरू आपल्यापेक्षा खालचा मानलेल्या कोणाचा पक्ष घेऊन उभे राहिले, म्हणजे आपल्या तोंडी पहिला शब्द कोणता येतो? आपले भागले म्हणजे पुरे, दुसऱ्याच्या भांडणात पडू नको, असेच आपण बहुधा म्हणतो. आपणांस शाळेत प्रथम कोणी बसवून घेतले, हे आपण विसरतो. पार्डन क्रँडल मोठे वक्ते नव्हते. लेकीपुढे आलेले संकट टाळणे त्यांच्या हाती नव्हते. मात्र तिच्या दारी पाणी पोहोचविणे त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी केले. थंड पाण्याच्या एका पेल्याविषयी आपल्या प्रभूने दिलेले अभिवचन आपणांस ठाऊक आहे. तो पेला प्रथम आपल्याच घरातील लेकरास देण्याचे धैर्य देव आपणांस देवो.