विश्लेषण : उपाध्यक्ष ‘अध्यक्ष’ होतो की ‘प्रभारी’? जॉन टायलर यांनी पाडलेला पायंडा

अमेरिकेच्या अध्यक्षाचे पदावर असताना निधन झाले की उपाध्यक्ष अध्यक्ष होतो. मात्र १९६७ पर्यंत राज्यघटनेत हे स्पष्टपणे लिहिलेलेच नव्हते. सव्वाशे वर्षे काम चालले ते जॉन टायलर या हट्टी व्हर्जिनियन माणसाने १८४१ मध्ये पाडलेल्या पायंड्यावर.

टायलर कोण होते?

टायलर यांचा जन्म २९ मार्च १७९० रोजी चार्ल्स सिटी काउंटीत, गुलाम बाळगणाऱ्या जमीनदार घराण्यात झाला. वकिली, २१ व्या वर्षी राज्याचे विधिमंडळ, मग प्रतिनिधिगृह, गव्हर्नरपद आणि सिनेट अशी त्यांची वाटचाल. अँड्र्यू जॅक्सन यांच्याशी बिनसल्याने ते डेमोक्रॅटांपासून दुरावले. १८४० मध्ये व्हिग पक्षाने विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या जोडीला त्यांना उभे केले, ते दक्षिणेतील मतांसाठी. दोघांची धोरणे जुळतात का, हे फारसे कुणी पाहिले नाही.

पात्रतेचे काय?

जो अध्यक्ष होऊ शकत नाही, तो उपाध्यक्षही होऊ शकत नाही, असे १८०४ ची बारावी घटनादुरुस्ती सांगते. म्हणजे जन्मतः नागरिकत्व, किमान ३५ वर्षे वय आणि देशात १४ वर्षे वास्तव्य. शिवाय कोणत्याही निर्वाचकाला दोन्ही मते स्वतःच्याच राज्यातील रहिवाशांना देता येत नाहीत. गंमत म्हणजे हॅरिसन आणि टायलर एकाच काउंटीत जन्मलेले. पण हॅरिसन ओहायोचे रहिवासी असल्याने अडचण आली नाही.

पेच कसा उद्भवला?

उपाध्यक्षाचे काम म्हणजे सिनेटचे अध्यक्षस्थान आणि समसमान मते पडल्यास निर्णायक मत. शपथ घेऊन टायलर विल्यम्सबर्गला घरी परतले. ४ एप्रिल १८४१ रोजी, कारकीर्दीच्या जेमतेम महिनाभरात, हॅरिसन वारले. असा प्रसंग पहिलाच. घटनेतील वाक्य संदिग्ध होते : उपाध्यक्षाकडे पद येते, की केवळ पदाचे अधिकार आणि कर्तव्ये?

टायलर यांनी वाद घालत बसण्याऐवजी ६ एप्रिलला वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात अध्यक्षपदाची शपथ घेतली. खरे तर उपाध्यक्षपदाची शपथ पुरेशी आहे, असेच त्यांचे मत होते. शंकेला जागा नको म्हणून ही दुसरी शपथ. काँग्रेसमध्ये त्यांना प्रभारी म्हणण्याचे प्रयत्न झाले, पण ते फेटाळले गेले.

किंमत काय मोजली?

राष्ट्रीय बँकेची दोन विधेयके त्यांनी नकाराधिकाराने रोखली. सप्टेंबर १८४१ मध्ये परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर वगळता सर्व मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि पक्षाने टायलर यांना बाहेर काढले. १८४३ मध्ये महाभियोगाच्या दिशेने टाकलेले पाऊल प्रतिनिधिगृहात १२७ विरुद्ध ८३ मतांनी फसले.

या काळात देशाला उपाध्यक्षच नव्हता. रिकामे पद भरण्याची तरतूदच नव्हती. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी ‘प्रिन्स्टन’ युद्धनौकेवर तोफ फुटून दोन मंत्र्यांसह सहा जण ठार झाले. टायलर खालच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. नाहीतर तेव्हाच्या कायद्याने कारभार सिनेटचे हंगामी अध्यक्ष विली मँगम यांच्याकडे गेला असता.

पायंड्याचे पुढे काय झाले?

फिलमोर, अँड्र्यू जॉन्सन, आर्थर, थिओडोर रूझवेल्ट, कूलिज, ट्रुमन आणि लिंडन जॉन्सन हे सातही उपाध्यक्ष याच वाटेने अध्यक्ष झाले. केनेडी यांच्या हत्येनंतर १९६७ मध्ये पंचविसावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि टायलर यांचा अर्थ घटनेत आला. उपाध्यक्षपद रिक्त झाल्यास अध्यक्षाने नाव सुचवायचे आणि दोन्ही सभागृहांनी मंजुरी द्यायची, हेही तेव्हाच ठरले. १९७३ मध्ये जेराल्ड फोर्ड असेच उपाध्यक्ष झाले.

टायलर यांनी मात्र १८६१ मध्ये फुटून निघालेल्या दक्षिणेची बाजू घेतली. तेथील काँग्रेसमध्ये निवडून आल्यावर, जागा घेण्याआधीच, १८ जानेवारी १८६२ रोजी रिचमंडमध्ये त्यांचे निधन झाले. वॉशिंग्टनने या माजी अध्यक्षासाठी सरकारी दुखवटा पाळला नाही.