वर्गात जग आणणारे शिक्षक : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्मरण आपण राज्यघटनेचे शिल्पकार, समाजक्रांतीचे नेते आणि धम्मचक्राचे प्रवर्तक म्हणून नेहमीच करतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यांच्या जीवनातील एक कमी बोलला जाणारा पैलू मांडू इच्छितो. बाबासाहेब शिक्षक होते. जगातील घडामोडी आपल्या माणसांच्या प्रश्नांशी जोडून समजावून देणारे शिक्षक होते. जगाचे व्यवहार वर्गात कसे आणावेत यासाठी आमच्या शाळेतील शिक्षक कार्यशाळेत एकत्र बसतात, तेव्हा हे चरित्र त्यांच्यासमोर असावे, अशी आमची भावना आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. घरात शिस्त होती, वाचन होते. घराबाहेर मात्र अस्पृश्यतेचे चटके होते. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्यांना स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र भेट दिले. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याच्या हाती ठेवलेले ते पुस्तक होते. त्यातून पेरलेले बीज १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर कसे फळास आले, हे आपण जाणतोच.

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई असे गुरू लाभले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. ज्या प्रश्नाचे चटके त्यांनी गावात आणि शाळेत सोसले होते, तो प्रश्न त्यांनी जगाच्या विद्यापीठात अभ्यासाचा विषय करून मांडला. पुढे त्यांनी याच्या उलट प्रवासही केला आणि जगाचे ज्ञान आपल्या माणसांच्या दारात आणले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने इतकी अभ्यासपूर्ण असत की इतर महाविद्यालयांचे विद्यार्थीही ती ऐकावयास येत. मात्र त्याच ठिकाणी, प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. एवढ्या विद्वत्तेनेही पाण्याचा हक्क मिळत नाही, हा अनुभव त्यांना वर्गाच्या उंबरठ्यावरच आला. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. रुपयाचे मोल कसे ठरते, ते परदेशी चलनाशी कसे बांधलेले असते आणि त्याच्या चढउताराची झळ कोणाला लागते, याचा त्यांनी केलेला विचार आजही अभ्यासला जातो.

बाबासाहेबांची खरी पाठशाळा मात्र महाविद्यालयाच्या भिंतींपलीकडे भरत असे. १९२० साली त्यांच्या पुढाकाराने मूकनायक आणि १९२७ साली बहिष्कृत भारत ही पत्रे निघाली. ज्या समाजाला अक्षर नाकारले गेले, त्याच्यापर्यंत देशोदेशीचे विचार मराठीतून पोहोचविण्याचे साधन त्यांनी उभे केले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत त्यांच्यासमोर प्रामुख्याने खेड्यापाड्यांतून आलेली माणसे बसली होती. त्यांच्यापुढे बाबासाहेबांनी १७८९ सालच्या फ्रान्समधील राष्ट्रसभेचा इतिहास ठेवला. तेथे सरदार आणि धर्मगुरू यांचे वर्चस्व होते, येथे जातीचे. तेथे सामान्य लोकांनी समतेची मागणी केली, येथेही तीच मागणी आहे, असा धागा त्यांनी जोडला. त्या परिषदेत माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामाही संमत झाला. चवदार तळ्याच्या पाण्याचा प्रश्न हा केवळ एका गावाचा प्रश्न राहिला नाही. तो मानवी हक्कांच्या जागतिक इतिहासाचा भाग झाला. निरक्षर श्रोत्यांना हे समजणार नाही, असे त्यांनी मानले नाही. आमच्या मते त्या दिवशीचा हा सर्वांत मोठा धडा होय.

शिक्षणासाठी निवास हवा, हेही त्यांनी ओळखले होते. १९२५ साली सोलापूर येथे बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह सुरू झाले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले आणि १९५० साली औरंगाबाद येथे मराठवाड्यासाठी महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. त्या वेळी जालना हा औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता. स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. आमच्या वडीलधाऱ्या पिढीसाठी उच्च शिक्षणाची वाट नागसेनवनातून जात होती.

त्या महाविद्यालयाचे मिलिंद हे नावच एक पाठ आहे. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा मिनँडर. त्याने भिक्खू नागसेन यांना प्रश्न विचारले. नागसेनांनी आधी एक अट घातली : चर्चा पंडितांप्रमाणे व्हावी, राजांप्रमाणे नव्हे, कारण पंडित चूक दाखविल्यास रागावत नाहीत, राजे मात्र शिक्षा करतात. जगातील युद्धे, निवडणुका, धर्म यांविषयी वर्गात बोलताना शिक्षक बिचकतात, पालक नाराज होतील अशी धास्ती बाळगतात. त्यांना यापेक्षा चांगला नियम आम्हास ठाऊक नाही. वर्गात शिक्षकानेही राजा होऊ नये.

आपल्या भागातील मुलांना जगाच्या गोष्टी कशाला, असा प्रश्न काही पालक करतात. त्यांची काळजी खरी आहे. परीक्षा आहे, नोकरीची चिंता आहे. परंतु आपला भोकरदन पहा. प्राचीन भोगवर्धन ते हेच. येथील दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत, आणि येथील उत्खननात मिळालेली हस्तिदंती मूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपली माती जगाशी जोडलेली होती. आजही मोंढ्यातील कापसाचा भाव जगाच्या बाजाराने हलतो, दूरदेशीच्या युद्धाने खताची गोणी महागते. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलाने हे का होते असे विचारले, तर ते सांगणारा शिक्षक शाळेत असलाच पाहिजे. देशांच्या राजधान्या पाठ करविणे म्हणजे जग शिकविणे नव्हे.

नोव्हेंबर १९५६ मध्ये, प्रकृती ढासळलेली असतानाही, बाबासाहेब काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेस गेले आणि तेथे बुद्ध व कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. त्यानंतर काही दिवसांतच, ६ डिसेंबर रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. अखेरपर्यंत त्यांनी आपला प्रश्न आणि जगाचा प्रश्न वेगळा मानला नाही.

आमचे माजी विद्यार्थी आज ठिकठिकाणी कार्यरत आहेत. त्यांना आमची विनंती आहे की त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत येऊन आपल्या कामातून दिसलेले जग मुलांना सांगावे. महाडला जे एका सभेत घडले, ते आमच्या वर्गांत रोज थोडे थोडे घडावे, हीच बाबासाहेबांना खरी आदरांजली ठरेल.